रोज नवी ॲक्टिव्हिटी कशाला? बालवर्गात हाताळून, खेळून शिकण्याबद्दल

प्रश्न : माझ्या वर्गात साडेतीन ते पाच वयाची २४ मुलं आहेत. मी आणि एक मदतनीस. ‘खेळातून शिकवा’ असं सांगितलं आहे म्हणून मी रोज नवी ॲक्टिव्हिटी तयार करते. रात्री कापाकापी, सकाळी मांडामांड, आणि मुलं ती १० मिनिटांत उरकून मोकळी होतात. मग वर्गभर पळापळ. वर पालक विचारतात, वह्या कोऱ्या का? हाताळून, खेळून शिकणं वर्गात नेमकं बसवायचं कसं?

उत्तर :

ताई, तुमची मेहनत प्रश्नातच दिसते आहे, आणि अडचणीचं मूळही तिथेच आहे. रात्री कापलंत तुम्ही, सकाळी मांडलंत तुम्ही, काय कुठे चिकटवायचं हेही तुम्हीच ठरवलंत. मुलांच्या वाट्याला उरलं काय? ठरलेल्या जागी डिंक लावणं. ते काम १० मिनिटांचंच आहे, म्हणून ते १० मिनिटांत संपतं. मग आपण म्हणतो, मुलांचं लक्षच टिकत नाही. तीच मुलं हात धुवायला गेली की नळाखाली बोट धरून फवारा कुठवर उडतो हे बघत किती वेळ उभी राहतात, ते आठवा. तिथून हाकलावं लागतं. कारण तिथे पुढे काय करून बघायचं हे त्यांचं त्यांना ठरवता येतं.

माझं म्हणणं थोडक्यात सांगते. साहित्य कमी करा. तेच साहित्य आठवडेच्या आठवडे ठेवा. खेळाला सलग वेळ द्या. आणि ठरवण्याचं काम मुलांकडे सोपवा. तुमची जी शक्ती तयारीत खर्च होते आहे ती मुलांकडे बघण्यात आणि त्यांच्याशी बोलण्यात लावा. खाली जे लिहिते आहे ते सगळं याच्याभोवतीच आहे.

कुठलीही कृती वर्गात घेण्याआधी स्वतःला एकच विचारा : यात मूल काय ठरवणार आहे? उत्तर ‘कुठला रंग भरायचा तेवढं’ असं आलं, तर त्या कृतीला खेळ म्हणू नका. कागदावर हसरा ससा छापला म्हणून वर्कशीट खेळ होत नाही, आणि भिंतीवर चोवीस एकसारखी फुलपाखरं टांगली म्हणून ती मुलांची होत नाहीत. ती तुमचीच असतात, मुलांनी फक्त चिकटवलेली. त्याच वेळात नमुना न दाखवता टेबलावर वाळकी पानं, कागदाचे कपटे, दोरा आणि डिंक ठेवून बघा. कुणी पानं आकाराप्रमाणे लावेल, कुणी पानाचा चुरा करून त्याचा आवाज ऐकत बसेल, कुणी कपट्यांचा ढीग करून त्याखाली काहीतरी लपवेल. भिंतीवर लावण्यासारखं त्यातून फार निघणार नाही, पण बोलण्यासारखं आणि नोंदवण्यासारखं खूप निघेल.

आता दुसरं टोक. ‘मुलांना मोकळं सोडा, ती आपोआप शिकतात’ हेही मला पटत नाही. २४ मुलं आणि खेळण्यांचा एक ढीग असं केलं, तर दांडगी मुलं खेळतात आणि बाकीची बघत बसतात. शिक्षिकेचं काम खेळ सुरू व्हायच्या आधी, साहित्य निवडताना होतं. रुंद तोंडाच्या भांड्याशेजारी अरुंद तोंडाची बाटली मुद्दाम ठेवलेली असते. काय ठेवायचं ते तुम्ही ठरवता, त्याचं काय करायचं ते मूल ठरवतं. मार्गदर्शित खेळ म्हणतात तो हाच.

यामागे चांगला अभ्यास आहे. २०११ साली एलिझाबेथ बोनाविट्झ, लॉरा शुल्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बालवर्गाच्या वयाच्या मुलांना मुद्दाम बनवलेलं एक खेळणं दिलं. त्यात चार गमती दडवल्या होत्या : एक आवाज, एक दिवा, एक सूर आणि एक आरसा. काही मुलांना मोठ्या माणसाने ‘हे बघ, हे असं चालतं’ म्हणत आवाजाची गंमत करून दाखवली. काहींसमोर तोच आवाज चुकून झाल्यासारखा केला, काहींना काहीच दाखवलं नाही. ज्यांना मुद्दाम शिकवलं होतं ती मुलं तोच आवाज काढत राहिली, एकूण कमी वेळ खेळली आणि बाकीच्या गमतीही त्यांना कमी सापडल्या. बाईंनी दाखवलं ते एवढंच, म्हणजे यात एवढंच असणार, असा अंदाज मुलं बांधतात, आणि त्यांच्या जागी तो शहाणपणाचाच आहे. म्हणून कात्री कशी धरायची, ब्रश कसा धुवायचा, ठोकळे कसे रचून ठेवायचे हे स्पष्ट दाखवा; तिथे शोध लावायला सांगण्यात अर्थ नाही. पण साहित्याचं काय काय करता येतं हे दाखवायची घाई करू नका.

पाण्याचा टब, जरा जवळून

टबात एक नरसाळं, अरुंद तोंडाच्या दोन पारदर्शक बाटल्या, एक गाळणी, तीन मापांचे पेले. चार वर्षांचा एक मुलगा बाटलीच्या तोंडात नरसाळं घट्ट दाबून बसवतो आणि पेला ओततो. थोडं पाणी आत जातं, बाकीचं नरसाळ्यातच थांबतं. तो वाकून खालून बघतो. भोक बुजलं असेल म्हणून बोट घालतो, बुजलेलं नाही. आणखी पाणी ओततो, ते काठावरून सांडतं. वैतागून नरसाळं उपसायला जातो, ते जरासं सैल होतं, आणि गुडगुड करत सगळं पाणी एकदम आत. तो थबकतो. पुन्हा घट्ट बसवतो, पाणी थांबतं. सैल करतो, गुडगुड. मग हे कितीतरी वेळ चालतं. शेजारी उभी असलेली मुलगी म्हणते, “तिचा श्वास अडकला होता.”

बाटलीतल्या हवेला बाहेर पडायला वाट नव्हती म्हणून पाणी शिरत नव्हतं. त्या मुलीने ते तिच्या शब्दांत अचूक सांगितलं. ‘हवा जागा व्यापते’ हे वाक्य तिच्याकडून पाठ करून घेता आलं असतं, पण त्यासाठी बाटलीला श्वास असल्याची कल्पना तिला करावी लागली नसती.

या सगळ्यात शिक्षिकेने काय केलं ते बघा. बाटल्या पारदर्शक निवडल्या, नाहीतर आत काय चाललंय ते दिसलंच नसतं. पाणी अडलं तेव्हा पुढे होऊन नरसाळं सैल करून दिलं नाही. ही सर्वांत अवघड गोष्ट आहे, कारण आपले हात शिवशिवतात. तिसऱ्या-चौथ्या गुडगुडीनंतर एकच वाक्य बोलली : “घट्ट असताना थांबतं, सैल केलं की जातं.” आणि दुसऱ्या दिवशी त्याच टबात बाटलीच्या तोंडापेक्षा बारीक नळीचं दुसरं नरसाळं ठेवलं. ते घट्ट बसतच नाही, त्यामुळे पाणी अडत नाही. मुलाला आता नवं कोडं मिळालं. तयारी म्हणाल तर एवढीच, दोन मिनिटांची.

ठोकळे

एकाच साहित्याचा साठा वाढवायचा असेल तर मी डोळे मिटून लाकडी ठोकळे म्हणेन. फ्रेडरिक फ्रोबेलने १८३७ साली जर्मनीत बाड ब्लांकेनबुर्ग इथे लहान मुलांसाठी काम सुरू केलं, तेव्हापासून ठोकळे बालशिक्षणात आहेत. आठ लहान घन मिळून झालेला एक मोठा घन हे त्याच्या साहित्यातलं प्रसिद्ध साधन. जमिनीवर बसून बांधायचे मोठे ठोकळे आज जगभर वापरतात त्यांचं माप न्यूयॉर्कमधल्या कॅरोलाइन प्रॅटने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बसवलं. तिची सगळी करामत प्रमाणात आहे : जाडीच्या दुप्पट रुंदी, रुंदीच्या दुप्पट लांबी. दोन अर्धे ठेवले की बरोबर एक पूर्ण होतो, दोन पूर्ण म्हणजे एक दुप्पट लांब. अपूर्णांक हा शब्द कानावर पडायच्या कितीतरी आधी मुलाच्या हाताला तो कळलेला असतो. म्हणून प्रमाण न सांभाळलेले रंगीबेरंगी ठोकळे ढीगभर घेण्यापेक्षा साधे, मापात कापलेले ठोकळे घ्या. सुताराकडून कापून घेतलेत तरी चालतील, फक्त कडा आणि कोपरे नीट घासून घ्या.

त्याच शहरात काम करणाऱ्या हॅरिएट जॉन्सनने ठोकळ्यांच्या खेळाचे टप्पे नोंदवून ठेवले; ते १९३३ साली छापून आले आणि आजही कुठल्याही वर्गात जसेच्या तसे दिसतात. आधी मूल ठोकळे नुसतेच इकडून तिकडे नेतं. मग रांगा आणि मनोरे. मग पूल : दोन उभे, वर एक आडवा. मग कुंपण, म्हणजे चारी बाजूंनी बंद जागा. मग दोन्ही बाजू सारख्या असलेल्या नक्षीदार रचना. मग बांधलेल्याला नाव देणं, आणि शेवटी बघितलेली इमारत, रस्ता, पूल बांधून त्यात गोष्ट रचणं. हे टप्पे वयापेक्षा सरावावर अवलंबून असतात. पाच वर्षांचं मूल पहिल्यांदाच ठोकळ्यांना हात लावत असेल तर तेही आधी ठोकळे वाहून नेईल. फक्त ते पुढच्या टप्प्यांवर लवकर पोचेल. तुमच्या वर्गात वयं मिसळलेली आहेत, तर कोण कुठल्या टप्प्यावर आहे एवढं आठवडाभर बघा. कुणाला पुढे ढकलायला जाऊ नका.

पुलाच्या टप्प्यावर जरा रेंगाळा, तिथे फार घडतं. मूल दोन ठोकळे उभे करतं, तिसरा वर ठेवायला जातं आणि तो मधून खाली पडतो. पुन्हा ठेवतं, पुन्हा पडतो. बरीच मुलं आधी जोर लावतात, जणू दाबून ठेवला तर राहील. मग कधीतरी दोनांपैकी एक होतं : मूल लांब ठोकळा शोधायला उठतं, नाहीतर खालचे दोन जवळ सरकवतं. दोन्ही उत्तरं बरोबर, आणि कुठलं सुचलं यावरून त्या मुलाच्या विचाराची दिशा कळते. इथे ‘लांब’, ‘आखूड’, ‘मधलं अंतर’ हे शब्द बोलण्यात सहज आणायचे. ‘अंतर जास्त झालं का?’ एवढं पुरतं.

आणि खरंच अडलं तर? १९७६ साली डेव्हिड वूड, जेरोम ब्रूनर आणि गेल रॉस यांनी ३, ४ आणि ५ वर्षांच्या मुलांना २१ लाकडी तुकड्यांचा मनोरा जोडायला देऊन मोठ्यांच्या मदतीचा अभ्यास केला. त्यातला सार मी माझ्या शब्दांत असा सांगेन : कामाचा जेवढा भाग मुलाच्या आवाक्याबाहेर आहे तेवढाच तुम्ही सांभाळायचा, बाकी त्याच्याकडे. ठोकळा हलतोय तर तुम्ही खालचा धरून ठेवा, वरचा त्याला ठेवू दे. जमायला लागलं की तुमचा हात काढून घ्या.

इटलीतल्या शिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसोरीच्या साहित्यात आणखी एक शहाणपण आहे. १९०७ साली रोममध्ये तिने पहिलं बालघर सुरू केलं. तिची दट्ट्यांची पेटी अनेकांनी बघितली असेल, दहा लाकडी दट्टे आणि त्यांच्या मापाची दहा भोकं. एक दट्टा चुकीच्या भोकात गेला की शेवटी एक असा उरतो जो कुठेच बसत नाही. ‘चुकलं’ हे कुणी सांगावंच लागत नाही. साहित्य निवडताना हे बघा : चूक मुलाला स्वतःला दिसते का? झाकणं आणि बाटल्या, कुलपं आणि किल्ल्या, डबे आणि त्यांची टोपणं, सगळ्यांत ते आहे.

अंक, हात आणि सोंगाचा खेळ

अंकांबद्दल पालकांची घाई सर्वांत जास्त, म्हणून हे नीट समजून घ्या. मूल १ ते २० धडाधड म्हणतं, आणि त्याला ‘मला ३ बटणं दे’ म्हटलं की मूठभर उचलून देतं. कॅरन विन या मानसशास्त्रज्ञाने १९९० मध्ये हे पद्धतशीर दाखवलं : अंक म्हणता येणं आणि शेवटी म्हटलेला अंक म्हणजे सगळ्यांची मिळून संख्या हे कळणं, यांच्यात बराच काळ जातो. तुमच्या वर्गात उद्याच करून बघा, दोन-तीन मुलांना वेगवेगळं बोलावून. ज्याला चारपर्यंत अचूक देता येतं त्याला पाच-सहाचे खेळ द्या. ज्याला दोनच येतात त्याला वीसपर्यंत म्हणायला लावून काही साधत नाही.

संख्येचा सराव खऱ्या गरजेतून येऊ दे. ‘पाण्याच्या टेबलावर चौघं आहेत, चौघांना पुरतील एवढे पेले आण.’ मूल तीन आणतं, एकाला मिळत नाही, तो ओरडतो. हिशेब तपासून झाला. फासा टाकून जमिनीवर आखलेल्या घरांतून तेवढ्या उड्या मारणं, प्रत्येक बाटलीला एक झाकण, पायऱ्या मोजत चढणं. बटणांचा डबा तर महिनोन्‌महिने पुरतो : आज रंगाने, उद्या भोकांच्या संख्येने, परवा मुलांनी स्वतः ठरवलेल्या कशाने तरी. ‘तू बटणं कशी वेगळी केलीस ते मला सांग’ एवढंच विचारा. मुलं कधी कधी असे नियम सांगतात की आपल्याला सुचले नसते, ‘ही झोपलेली आणि ही जागी’. पालथी आणि उताणी बटणं, दुसरं काय.

हाताबद्दल. मनगटातली आठही हाडं जन्मतः कूर्चेची असतात आणि एकेक करून पुढच्या कित्येक वर्षांत कठीण होत जातात. बोटांचे बारीक स्नायूही अजून घडत असतात. अशा हातात पेन्सिल देऊन ओळीत अक्षरं गिरवायला लावली की मूल पूर्ण मुठीने पेन्सिल आवळतं, मान वाकडी करतं आणि लवकर थकतं. माती मळणं, स्पंज पिळणं, कपड्याचे चिमटे उघडून डब्याच्या काठाला लावणं, कागद फाडणं, मणी ओवणं, उभ्या भिंतीवर ओल्या ब्रशने रेघा ओढणं : हे लिहिण्याचंच काम आहे. उभ्या पृष्ठभागावरच्या कामाला मी फार महत्त्व देते, कारण तिथे मनगट आपोआप योग्य कोनात येतं आणि खांदाही कामाला लागतो.

चिखल, डिंक हाताला लागलेला अजिबात न चालणारी मुलं असतात. त्यांचा हात धरून मातीत घालू नका. आधी काडी द्या, मग चमचा, मग माती पिशवीत बंद करून बाहेरून दाबायला द्या. त्यांच्या गतीने ती येतात.

सोंगाच्या खेळाला, म्हणजे दुकान-दुकान, डॉक्टर-डॉक्टर, घर-घर यांना वर्गात शेवटची जागा मिळते, उरलेला वेळ म्हणून. मला ते फार खटकतं. मानुइलेंको या सोव्हिएत मानसशास्त्रज्ञाचा १९४८ सालचा एक प्रयोग आहे : मुलांना न हलता उभं राहायला सांगितलं तर ती फार वेळ टिकत नाहीत, पण खेळात पहारेकरी झाली की बराच जास्त वेळ स्थिर उभी राहतात. आपण दिवसभर ‘शांत बस, थांब, तुझी पाळी येऊ दे’ म्हणून जे साधायला बघतो, ते भूमिका घेतलेलं मूल स्वतःहून करतं. डॉक्टर झालेली मुलगी रांगेतल्या बाहुल्यांना थांबायला लावते आणि स्वतःही क्रम पाळते. तिच्याजवळ एक वही आणि पेन्सिल ठेवून द्या. ती औषध ‘लिहून’ देईल. त्या वेड्यावाकड्या रेघा म्हणजे लिहिलेल्याला अर्थ असतो हे समजल्याची खूण आहे. तारीख घालून तो कागद जपून ठेवा, पालकांसाठी उपयोगी पडेल.

वेळ, जागा, गोंधळ

सलग निदान ४५ मिनिटं द्या, जमलं तर तास. पहिली १०-१५ मिनिटं मुलं नुसती फिरतात, साहित्य उचलतात, ठेवतात, भांडतात. खरा खेळ त्यानंतर जमतो. अर्ध्या तासाचा तुकडा असेल तर तो जमतो तेव्हा तुम्ही आवरायला सांगत असता. वेळापत्रकात पाच छोटे तास असतील तर दोन जोडून घ्या. वरिष्ठांशी यासाठी भांडावं लागलं तर भांडा.

२४ मुलांना पाच-सहा कोपरे पुरतात : ठोकळे, पाणी किंवा वाळू, माती, चित्र आणि कागदकाम, सोंगाचा खेळ, पुस्तकं. सगळे एकाच दिवशी उघडू नका, गोंधळाचं सर्वांत मोठं कारण तेच असतं. एका कोपऱ्यात किती जण ते जागेनेच कळू दे : पाण्याच्या टबाशी चारच ॲप्रन टांगा, चार संपले की जागा संपली. ‘तिथे गर्दी करू नका’ असं ओरडण्याची गरज राहत नाही. फळीवर प्रत्येक वस्तूच्या जागी तिचं चित्र किंवा बाह्यरेषा चिकटवा. आवरणं हा जोड्या लावायचा खेळ होऊन जातो, आणि आवरायच्या पाच मिनिटं आधी सूचना द्या, म्हणजे मोडायच्या आधी मुलांना काम संपवता येतं. ज्याची रचना अर्धी राहिली असेल त्याला ती उद्यापर्यंत ठेवू द्यायची सोय करता आली तर फारच उत्तम.

ढकलणारं, पाडणारं, फेकणारं मूल प्रत्येक वर्गात असतं. त्याला फेकण्याची गरज आहे असं धरून चाला, आणि फेकायला योग्य वस्तू आणि जागा द्या : कापडी चेंडू आणि टोपली, स्वतः रचून स्वतः पाडायचे खोके. दुसऱ्याचं बांधकाम पाडायचं नाही हा नियम मात्र कडक ठेवा, त्यात सूट नाही. एक जण पाण्याचा टब बघणार, एक जण फिरती, अशी तुमची आणि मदतनिसाची वाटणी आधीच करा.

तुमचं बोलणं हा सगळ्यातला महत्त्वाचा भाग. खेळणाऱ्या मुलाला ‘हा कुठला रंग? हे किती?’ विचारत फिरणं बंद करा. ज्याचं उत्तर तुम्हाला माहीत आहे असं विचारणं ही परीक्षा आहे, आणि तिने खेळ थांबतो. त्याऐवजी दिसतंय ते बोला : ‘तू मोठे खाली ठेवलेस.’ किंवा खरंच माहीत नाही ते विचारा : ‘हा दरवाजा कुणासाठी?’ आणि थांबा. मेरी बड रो या शिक्षणसंशोधकांनी १९७० च्या दशकात वर्गांत मोजून दाखवलं की शिक्षक प्रश्न विचारून जेमतेम एक सेकंद थांबतात. तो वेळ तीन सेकंदांच्या पुढे नेला की उत्तरं लांब होतात आणि एरवी गप्प राहणारी मुलंही बोलतात. त्यांचं काम शाळेतल्या मुलांवर होतं. बालवर्गात मी याहूनही जास्त थांबते, कारण लहान मुलांना शब्द जुळवायला वेळ लागतो. ‘वा, छान!’ म्हणून पुढे जाणं सोपं असतं. त्याऐवजी काय छान ते सांगा, नाहीतर काहीच बोलू नका.

आणि सगळंच खेळातून व्हायला हवं असा हट्ट धरू नका. गोष्ट सांगणं, गाणी, अक्षरांचे आवाज ओळखणं, हे रोज १०-१५ मिनिटं सगळ्यांना एकत्र बसवून थेट शिकवायला काहीच हरकत नाही. गोष्ट तर रोज हवीच.

पालक

‘वह्या कोऱ्या का’ हा प्रश्न अडाणीपणाचा नाही. त्यांना मुलाची प्रगती दिसत नाही, आणि दाखवणं आपलं काम आहे. ‘पुढे कळेल’ म्हणून त्यांची बोळवण करू नका. रोज तीन-चार मुलांची दोन-दोन ओळींची नोंद करा, म्हणजे आठवड्या-दीड आठवड्यात सगळी मुलं येतात. नोंद अशी : ‘आज पुलासाठी आधी ठोकळा दाबून बघितला, मग स्वतःच लांब ठोकळा शोधून आणला. “हा पोचला” असं म्हणाला.’ मुलाचे शब्द जसेच्या तसे लिहा, शक्य तेव्हा रचनेचा फोटो काढा, आणि दोन महिन्यांनी आधीची आणि आताची नोंद शेजारी ठेवून दाखवा. प्रत्येक कोपऱ्याजवळ पालकांना वाचता येईल असा एक कागद लावा : इथे मूल काय करतं आणि त्याने काय तयार होतं, चार ओळींत.

सर्वांत उपयोगी पडते ती पालकांची बैठक, भाषणाशिवाय. त्यांना नरसाळं आणि बाटली द्या, ठोकळे द्या, आणि अर्धा तास खेळू द्या. पाणी अडलं की तेही खाली वाकून बघतात. मग त्यांच्याशी बोलणं फार सोपं जातं.

सुरक्षितता, थोडक्यात पण गंभीरपणे

तोंडात वस्तू घालणारी मुलं गटात असतील तर बटणं, मणी, खडे त्यांच्या हाती नकोत. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांसाठी वापरतात त्या तपासणीच्या नळीचा व्यास ३१.७ मिलिमीटर असतो. तीत पूर्ण मावेल ती वस्तू घशात अडकू शकते. बटणासारखे चपटे सेल, ताकदवान छोटी चुंबकं आणि पाण्यात फुगणारे जेलचे मणी बालवर्गात कुठल्याही वयाला आणू नका. पोटात गेले तर जिवावर बेततं. टबात पाणी असेपर्यंत मोठं माणूस तिथून हलणार नाही, आणि खेळ संपताक्षणी टब रिकामा. पाणी किती उथळ आहे याने फरक पडत नाही.

सुरुवात अशी करा. येत्या सोमवारपासून नवी ॲक्टिव्हिटी करणं थांबवा. पहिला आठवडा फक्त ठोकळे, माती आणि चित्रकाम, तिन्ही रोज, तेच साहित्य. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मुलं ‘आज नवीन काय?’ विचारतील आणि थोडी अस्वस्थ होतील. कुठलीही भर घालू नका, तो टप्पा जाऊ द्या. दुसऱ्या आठवड्यात पाण्याचा टब उघडा, तिसऱ्यात सोंगाचा खेळ. भर घालायची ती एका वेळी एक वस्तू, आणि तुमच्या नोंदीत तिचं कारण सापडलं तरच. पुलाशी मुलं अडताहेत असं दिसलं तर लांब फळी. कुंपणं दिसू लागली तर आत ठेवायला छोटे प्राणी. चौथ्या आठवड्यात घड्याळ लावून बघा, एक मूल एका कामाशी किती वेळ टिकतं ते, आणि मग मला पुन्हा लिहा.